खालच्या घरातला वास

मी चौथी शिकलेला. नागपूरला गाडीत बसलो तेव्हा आमच्या वस्तीचा होतो, दिल्लीला उतरलो आणि मद्रासी झालो. मद्रास मी आजतागायत पाहिलेलं नाही. रंग काळा, हिंदी मोडकी, एवढ्यावर मी शिपाई म्हणून लागलो त्या ऑफिसातल्या बाकीच्या शिपायांनी ठरवून टाकलं. मग मी त्यांच्यासारखं बोलायला शिकलो आणि बायकोला बजावलं, या घरात सुकट भाजायची नाही, शेजारी नावं ठेवतात. तिने मरेपर्यंत भाजली नाही.

आता मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. खालच्या मजल्यावर नागालँडची एक अधिकारी बाई आहे. तिची म्हातारी आई राहायला आली तेव्हापासून तिथे आंबवलेल्या सोयाबीनची भाजी शिजते. वास उग्र, खोटं कशाला बोलू? कॉलनीतले लोक मायलेकींना पाठीमागे चायनीज म्हणतात.

एक दिवस कॉलनीचे सेक्रेटरी कागद घेऊन आले. मला वाचायला वेळ लागतो आणि दुसऱ्याकडून वाचून घेणं कमीपणाचं वाटतं. म्हणून कुठलाही कागद आला की मी सरळ सही ठोकतो. तशी ठोकली. संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, वास येतो म्हणून खालच्यांना घर रिकामं करायला लावा, असा अर्ज होता तो."

रविवारी पार्कात मीटिंग झाली. मला वाटलं, बाई रडेल, नाहीतर माफी मागेल. मी मागितली असती. ती आईचा हात धरून आली, आईला पहिल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. कुणीतरी ऐकवलं की दिल्लीत राहायचं तर दिल्लीवाल्यांसारखं राहावं. तिने विचारलं, म्हणजे नेमकं कुणासारखं? जो तो शेजारच्याकडे बघायला लागला. कुणी बिहारचा, कुणी गढवालचा, कुणी केरळचा. मूळचा दिल्लीचा एकही नाही.

मग ती म्हणाली, "खाने की बास आती है. जब तक मेरी माँ यहाँ है, आएगी."

आवाज चढला नाही, मान खाली गेली नाही. साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून माझी सगळी नोकरी सरली, पण इतकं ताठ बोलताना मी एकाही साहेबाला ऐकलं नाही.

मी उठलो, अर्ज मागितला आणि माझी सही खोडली.

सेक्रेटरी हसले. "अंकलजी, साइन तो आपने ही किया था."

"बिना पढ़े किया था," मी म्हणालो. चारचौघांत हे सांगताना कान तापले. पण तिने एवढं सांगितलं, मला एवढं तरी जमायला हवं होतं.

माझ्यानंतर आणखी दोघांनी पेन मागितलं. अर्जाचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मायलेकी अजून खालीच राहतात. जिन्यात बाई भेटली की आधी मी हात जोडतो. वयाने मी तिच्या बापासारखा, आणि साहेब सोडले तर आपणहून कुणाला नमस्कार करायची मला सवय नाही. पण तिला करतो.