तेलाचं बोट

हे मी नवऱ्याला सांगितलं न्हाई, माहेरी सांगितलं न्हाई. तुमाला सांगायलेय — तुमी मला वळखत न्हाई, म्हणूनच की काय, कुणाला ठाऊक.

आमचं घर सोनाराच्या केरावर चालतं. परभणीच्या सराफ्यातल्या दुकानांचा केर आमी इकत घेतो, लाकडी परातीत पाण्यानं धुतो — माती वाहून जाती, सोन्याचे कण तळाला ऱ्हातेत. म्हणलं तर खाणच की ही. लग्नसराईत बरकत, बाकी नुसतीच माती. आता तर दुकानांत गुळगुळीत फरश्या आल्या, केरच कमी झाला.

माझी धाकटी जाऊ सुमन. तिला हे काम शिकवलं कुणी? मीच. अन् बघता बघता तिच्या परातीत माझ्यापेक्षा जास्त निघायला लागलं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "सुमनच्या हाताला यश हाय." अन् माझ्या हाताला काय झालतं? पाण्यात बसून बसून बोटं कुजली माझी, तवा कुणी बोललं का? मोठ्या पेढीचा केर सुमनच्या नावानं घ्यायचं ठरलं, अन् मला जेवण जाईना. लय जळले मी.

आमच्यात लेकरालाबी ठाऊक असतं — परातीला तेल लागू द्यायचं न्हाई. तेलकट लाकडावर बारीक सोनं बुडत न्हाई, तरंगून पाण्यासंगं जातं. म्हणून केसाला तेल लावलं की राखेनं हात घासल्याबिगर आमी परातीला शिवत न्हाई.

अन् मी — सकाळी वेणी घातली की तेच बोट तिच्या परातीतून फिरवायचे. एकदा न्हाई. सबंध लग्नसराई.

वाहून गेलेलं सोनं माझ्याच घरचं होतं. कळत नव्हतं का मला? कळत होतं.

सुमनला वाटलं, तिचंच काईतरी चुकायलंय. हात घासघासून सालटं निघाली. मग तिनं केसाला तेल लावायचंच सोडलं. तरी सोनं येईना. पेढीचा केर मला मिळाला. ती म्हणली, "अक्का, ही परात तुमीच घ्या. माझ्या हातात काई ऱ्हायलं न्हाई."

मी घेतली.

आता ती दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जाती. केस अजून कोरडेच. परवा मी म्हणलं, लाव की आता तेल. तर म्हणली, "नको अक्का, सवय मोडली."

तिची परात मी राखेनं चांगली घासून घेतलीय. तिच्यात सोनं लय निघतं.