दुसरी वेलांटी

वेलांटीबाईंनी मागचं डबकं विकलं, अशी बातमी एका सकाळी आमच्या वसाहतीत निघाली. दुपारच्या चहापर्यंत तिला शेपूट फुटलं आणि बाई त्या पैशांत समुद्राकाठी बंगला घेणार, इथवर ती पोचली. बातमीचा उगम आमचा इस्त्रीवाला. त्याने बाईंच्या दारात सरकारी गाडी पाहिली, गाडीतून उतरलेल्या मॅडम पाहिल्या आणि मॅडमच्या काखेतली नकाशाची गुंडाळी पाहिली. एवढं सामान मिळालं तर इस्त्रीवालाच कशाला, मीसुद्धा बंगला उभा करून वर गच्ची काढली असती.

खरं होतं ते नेमकं उलटं. डबकं शहराचं. त्यातला एक बेडूकही बाईंच्या मालकीचा नाही. बाई ते विकत नव्हत्या, त्याच्यासाठी अनुदान मागत होत्या. शहरातल्या पाणथळ जागा आणि तिथल्या पायवाटा सुधारायला दरवर्षी अनुदान निघतं आणि कुठलीही वसाहत त्यासाठी अर्ज करू शकते, अशी जाहिरात पेपराच्या आतल्या पानावर आली होती. आम्ही सगळ्यांनी त्या पानावर भाजी निवडली. बाईंनी ते वाचलं.

वाचणं हा त्यांचा धंदाच. सारी नोकरी त्यांनी एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासण्यात घालवली. छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढायच्या, हे काम. निवृत्त झाल्यावर माणसं पेन्सिल खाली ठेवतात. बाईंनी ती केसांत खोचली आणि वसाहत तपासायला घेतली. लिफ्टमध्ये 'लहान मूलांनी एकटे जावु नये' अशी पाटी होती, ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात दुरुस्त केली. मी दारात अडकवलेली दूधवाल्याची चिठ्ठी त्याच्याआधी बाई वाचायच्या. एकदा मी 'उद्या दुध नको' लिहिलं होतं. संध्याकाळी 'दुध'चं 'दूध' झालं होतं आणि शेजारी बारीक अक्षरात 'दुसरा उकार' असा शेरा. आमचे हे म्हणाले, "दूध बंद झालं, शाळा सुरू झाली."

वेलांटीबाई हे नाव मीच ठेवलं. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. मात्र नावात ल वर अनुस्वार द्यायला विसरू नकोस, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

एकदा खालच्या हॉलमध्ये बायकांचा कार्यक्रम होता. फलकावर हे एवढं मोठं लिहिलेलं, 'जागतिक महिला दीन'. आम्ही सगळ्या खुर्च्या मांडत होतो. बाई सरळ स्टुलावर चढल्या, उजवीकडची वेलांटी ओल्या फडक्याने पुसली आणि डावीकडे नवी दिली. मी म्हटलं, "बाई, कशाला पुसलीत? माझ्या घरी येऊन बघा, दीन म्हणजे दीनच. खरं तेच लिहिलं होतं."

"खरं असलं तरी अशुद्ध आहे," बाई स्टुलावरूनच म्हणाल्या.

त्या दिवशी मोठ्याने हसली ती त्यांची थोरली बहीण. तिला सगळेच ताई म्हणायचे. दोघी बहिणी एकत्र राहायच्या, लग्नाच्या भानगडीत दोघीही पडल्या नाहीत. ताई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा की त्या जिन्यात 'सावधान' म्हणाल्या तर तिसऱ्या मजल्यावर आमचे हे पेपर टाकून उभे राहत. रोज सकाळी त्या डबक्याला फेरी मारायच्या. डबकं म्हणजे बस डेपोची भिंत आणि इस्पितळाची मागची बाजू यांच्यामधली ओली जागा. लव्हाळं, जलपर्णी, एक बगळा, पाणकोंबड्यांचं एक गजबजलेलं कुटुंब आणि कडेने अर्धी खचलेली पायवाट. ताई फेरी मारून आल्या की बाईंना हाक घालायच्या, "कागदातून डोकं काढ गं, पिल्लं बाहेर पडलीत. चल." बाई म्हणायच्या, "उद्या." मी भिंतीपलीकडून हे इतकी वर्षं ऐकलं की ताईंच्या आधी मीच 'चल' म्हणाले असते.

मग ताईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, डावा हात वाचला. वाचा मात्र गेली. अगदी सगळी नाही, एक शब्द उरला. 'चल'. तहान लागली की चल. पंखा बंद करायचा की चल. मी भेटायला गेले की चल, आणि मी फार वेळ बसले की वेगळ्या सुरात चल. तो दुसरा सूर मला पहिल्याच दिवशी कळला. बाईंना मात्र प्रत्येक वेळी विचारावं लागायचं. "पाणी? उशी? खिडकी?" जिने जन्मभर दुसऱ्यांचे शब्द तपासले, तिला घरातला एकच शब्द लागेना.

शेवटी एका सकाळी बाईंनी ताईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि फिरवून आणायला म्हणून डबक्याकडे ढकलत निघाल्या. खुर्ची वसाहतीच्या मागच्या फाटकापर्यंत नीट गेली. पुढे पायवाट खचलेली. दोन्ही पुढची चाकं चिखलात रुतली आणि खुर्ची ना पुढे, ना मागे. मी आणि इस्त्रीवाला धावलो. इस्त्रीवाल्याने पाण्यात पाय घातला, त्याची एक चप्पल अजून तिथेच आहे. आम्ही ओढतोय आणि ताई लव्हाळ्याकडे डावा हात करून म्हणतायत, "चल. चल." लव्हाळ्याआड पाणी होतं. दिसत नव्हतं, नुसता पाणकोंबडीचा आवाज येत होता. आम्ही त्यांना उलट्या दिशेला ओढत होतो.

घरी आल्यावर बाईंनी चाकं पुसली. पुसता पुसता म्हणाल्या, "इतके दिवस ती पाणी मागत नव्हती गं. पाण्याकडे चल म्हणत होती."

त्यानंतर जाहिरात आली आणि बाईंनी अर्ज केला. खुर्ची जाईल एवढी रुंद लाकडी वाट, थेट पाण्यापर्यंत. कडेला कठडा, पण उंच नको, बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल एवढा, आणि जाताना डाव्या बाजूला. अनुदान देणाऱ्या खात्याच्या मॅडम सरकारी गाडीतून आल्या होत्या त्या याच अर्जासाठी. मी तेव्हा बाईंकडे वाटीभर साखर मागायला गेले होते. घरात साखर होती, पण गाडीही दारात होती ना.

मॅडम भल्या होत्या. त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, "बाई, इथे लाभार्थींची संख्या विचारलीये. तुम्ही दोन लिहिलंय."

"दोनच आहेत," बाई म्हणाल्या. "ही आणि मी."

"अहो, लोक इथे चाळीस हजार लिहितात."

"चाळीस हजारांना मी विचारलेलं नाही."

"मग विचारा ना. अजून मुदत आहे. वसाहतीतल्या लोकांची नावं आणि सह्या जोडा, ओळखपत्रांच्या प्रती लावा. दोनावर वरचे लोक अर्ज उघडणारसुद्धा नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. घरोघर जायला त्यांना जमत नाही, आणि घरात बसायला मला जमत नाही. मी साखरेची वाटी तिथेच ठेवून निघाले. माझ्या जिभेला त्या आठवड्यात प्रथमच सरकारी काम मिळालं. कुत्रेवाल्यांना म्हटलं, कुत्र्याला मोकळी हवा मिळेल. सासवांना म्हटलं, सुना संध्याकाळी फिरायला जातील. सुनांना म्हटलं, सासवा जातील. इस्त्रीवाल्याला म्हटलं, तुझी चप्पल सापडेल. आमच्या ह्यांना काही म्हटलं नाही, पोटाकडे नुसतं बघितलं. सगळ्यांनी सह्या केल्या. प्रत्येकाने आपलं नाव आपल्या हाताने लिहिलं आणि ओळखपत्राची प्रत दिली. मी तो गठ्ठा मिरवत बाईंच्या पुढ्यात ठेवला.

आणि बाईंनी तो तपासला.

त्यांना कोण काय म्हणणार? आयुष्यभर हाताखालून कागद गेला की त्यातली चूक निघून गेली पाहिजे, हीच सवय. इस्त्रीवाला आपल्या नावात दुसरी वेलांटी हवी तिथे जन्मापासून पहिली देत आलाय. आमच्या ह्यांच्या नावात पहिला उकार हवा, तिथे त्यांच्या वडिलांनी दुसरा घातला, तोच शाळेत लागला, बँकेत लागला, लग्नपत्रिकेवरही लागला. बाईंनी सगळी यादी स्वच्छ टंकून काढली, सगळी नावं शुद्ध केली आणि अर्ज मुदतीत नेऊन दिला. परत आल्या तेव्हा मी त्यांना एवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "एक चूक दाखव त्यात."

अर्ज परत आला. कारण एका ओळीचं होतं, यादीतली नावे ओळखपत्रांशी जुळत नाहीत. नावं न जुळणारी घरं निम्म्याहून जास्त निघाली. मॅडमनी फोन केला. त्यांचा आवाज पडलेला होता. "मला समजतंय हो बाई. पण तिथे संगणक जुळवतो. त्याला शुद्ध काय आणि अशुद्ध काय. आता पुढच्या वर्षीच."

मी आपली नेहमीची, तोंड कुठे आवरतंय. म्हटलं, "बाई, तुम्ही तर माझा नवराच बदलून टाकलात. नव्या उकाराचा घोरतो का ते तरी बघते." बाई हसल्या नाहीत. आतल्या खोलीत गेल्या. भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं. मी ऐकत नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही.

"झालं नाही गं," बाई सांगत होत्या. "माझ्याकडून राहिलं. पुढच्या वर्षी होईल."

"चल," ताई म्हणाल्या.

"जाऊ. पुढच्या वर्षी नक्की जाऊ."

"चल."

"हो गं. कळलं मला. आता कळतं."

पुढचं वर्ष ताईंनी पाहिलं नाही. हिवाळा संपत आला होता. सकाळी बाई चहा घेऊन गेल्या आणि कप तसाच परत घेऊन माझ्या दारात आल्या. मी कप घेतला.

निधनाची बातमी बाईंच्याच जुन्या वर्तमानपत्राला दिली होती. मजकूर त्यांनी स्वतः लिहून पाठवला. दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन गेले. छापून आलं होतं, 'त्यांच्या मागे धाकटी बहिण आहे.' पहिली वेलांटी. हे मलासुद्धा दिसलं, म्हणजे बघा. मी त्यांच्या केसांतल्या पेन्सिलीकडे बघत राहिले. बाईंनी ती ओळ वाचली, परत वाचली, पेपराची घडी घातली आणि उशीखाली ठेवली. पेन्सिल जिथे होती तिथेच राहिली.

वर्ष फिरलं तसा मीच विषय काढला. मला वाटलं होतं, बाई नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "अर्ज करायचा. पण तू लिही."

"मी? माझं शुद्धलेखन माहितीये ना?"

"म्हणूनच."

मी लिहिलं. सह्या परत जमवल्या, नावं जशी होती तशी उतरवली. लाभार्थींच्या रकान्यात मी वसाहतीतली सगळी माणसं लिहिली. वाटेची मापं मात्र जुन्या अर्जातली जशीच्या तशी घेतली, कठड्याच्या उंचीसकट. तो तेवढा खाली ठेवायचा का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. लिहून झाल्यावर म्हटलं, "एकदा नजर टाका."

"नको," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. "मी हात लावला की..."

अनुदान मंजूर झालं. लाकडी वाट झाली. फाटकापासून लव्हाळ्यातून ती सरळ पाण्यावर जाते आणि शेवटी एक रुंद ओटा आहे, खुर्ची वळवता येईल असा. लोक आता म्हणतात, वाट झकास आहे, पण कठडा कुठल्या शहाण्याने केला, गुडघ्याला लागतो. मी ऐकून घेते. मला गप्प बसता येतं, हे आमच्या ह्यांना त्यामुळेच कळलं.

वाट उघडायचा दिवस खात्याने मुद्दाम पाणथळ जागांच्या जागतिक दिवसाला धरला होता. वसाहत झाडून आली. इस्त्रीवाला नव्या चपला घालून आला आणि सगळा वेळ पाण्यात वाकून जुनी शोधत होता. बाई एकट्याच पुढे गेल्या. त्या ओट्यापर्यंत चालल्या, पण सरळ उभं राहून नाही. वाकून, डावा हात त्या बुटक्या कठड्यावर ठेवून, हळूहळू. लोकांना वाटलं, कंबर गेली. पाणकोंबडी पिल्लांना घेऊन लव्हाळ्यातून बाहेर आली. बाई तिथे बराच वेळ वाकूनच उभ्या होत्या.

परत आल्या तेव्हा फाटकापाशी फलक लावणं चाललं होतं. मोठा, निळा, अक्षरं हातभर. 'जागतिक पाणथळ दीन'. दुसरी वेलांटी. माझ्या लगेच लक्षात आलं. मॅडमच्याही लक्षात आलं, त्या ओशाळून पुढे झाल्या.

"बाई, माफ करा, छापणाऱ्याने घोळ केला. तुमच्यासमोर असं नको व्हायला. रंग आहे गाडीत, आत्ता दुरुस्त करून घेते. स्टूल आणा रे कोणीतरी."

स्टूल आलं. रंग आला. सगळे बाईंकडे बघू लागले, जुन्या सवयीने. बाईंनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला. केसांतली पेन्सिल चाचपली, तशीच राहू दिली आणि मॅडमना म्हणाल्या,

"राहू द्या. अशुद्ध असलं तरी खरं आहे."