फायलींची एकच पंगत

माझ्या आजोबांचं मी एका शुक्रवारी सकाळी ढोकळ्यात रूपांतर केलं.

हेतू चांगला होता. (माझे सगळेच हेतू चांगले असतात. तक्रार असते ती त्यानंतरची.)

त्या दिवशी आई-पप्पांच्या लग्नाला तीस वर्षं होत होती. इथे आखातात, रुवीतल्या आमच्या फ्लॅटवर दुपारी पाहुणे जेवायला येणार होते आणि आईची एकच इच्छा होती: लग्नातलं नानांचं भाषण टीव्हीवर बघायचं. नाना म्हणजे तिचे वडील. गावोगाव समतेची पत्रकं वाटणारा माणूस. मुलीच्या पाठवणीला रडायचं सोडून त्यांनी माईक हातात घेतला होता. आता नाना नाहीत. मागे उरलं ते एवढंच चित्रण, आणि त्यांच्या पत्रकांवर वाढलेला मी.

कॅसेटवरून उतरवलेली ती फाईल जुन्या प्रकारची. टीव्ही ती उघडेना. म्हणून मी लॅपटॉपवर एक प्रोग्राम बसवला. फोल्डरमध्ये व्हिडिओ टाकला की हा आपोआप त्याला टीव्हीवर चालेल असं रूप देणार, आकार लहान करणार आणि जुनी फाईल पुसून टाकणार. शेवटी प्रोग्रामने दोन प्रश्न विचारले. तयार फायलींसाठी वेगळा फोल्डर हवा का? आधीच बदललेल्या फायली वगळायच्या का?

माझं रक्त तापलं. कच्च्यांना एक फोल्डर, पक्क्यांना दुसरा? नानांच्या नातवाच्या घरात दोन पंक्ती? फोल्डर एकच राहील आणि कुणालाही वगळलं जाणार नाही! बाणेदारपणे बटण दाबलं आणि पप्पांबरोबर मत्रहच्या बाजारात हलवा आणायला गेलो.

परत आलो तर धाकटी बहीण लॅपटॉपसमोर बसलेली.

"दादा, हे थांबत का नाही? फोर्टीन टाइम्स झालं."

"काय झालं?"

"सेम व्हिडिओ. कन्व्हर्ट होतो, मग त्याच फोल्डरमध्ये येतो, मग परत कन्व्हर्ट होतो. दर वेळी क्वालिटी अजून खराब. म्हणजे आंघोळ करून आलेल्याला परत आंघोळ."

"अगं, पण त्याची झालीये आंघोळ. कळत नाही त्याला?"

"तूच सांगितलंस ना, कोणाला स्किप करू नको."

तेवढ्यात बेल वाजली. बौशरहून कांबळेकाका आले, सोफ्यावर ऐसपैस बसले.

"यल्ला, चला, लावा नानांना."

लावलं. पडद्यावर पिवळे चौकोन थरथरत होते.

"हे काय, ढोकळा?" काकांनी विचारलं.

"नाना आहेत."

"यातले कुठले?"

आवाज तर डब्यात अडकलेल्या माशीसारखा येत होता. आईने हात पुसले.

"जुनी फाईल लाव."

"ती पुसली गेली."

"कुणी पुसली?"

"आपोआप."

"आणि आपोआपला सांगितलं कुणी?"

उत्तराची वाट न बघता ती स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटली असती तरी बरं वाटलं असतं.

पप्पा उठले, कपाट उघडलं आणि मोज्यांच्या जोडीतून एक पेन ड्राइव्ह काढला.

"तू सोमवारी म्हणालास ना, 'मी करतो'? तेव्हाच कॉपी काढून ठेवली."

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्या तत्त्वांवर आहे."

बहिणीने पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली, आणि जुनी फाईल आहे तशी चालू झाली. (हे सकाळीच का केलं नाहीस, असं मला कुणीही विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.)

आई दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर नानांनी माईक झटकला, घसा खाकरला.

"जेवून उठलेल्याला पुन्हा पंगतीत बसवणं म्हणजे समता नव्हे. उपाशी कोण आहे ते आधी बघा."

"जरा मागे घे गं," आई बहिणीला म्हणाली.

ते वाक्य आम्ही तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा आई पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

नानांची पत्रकं मी एकूण एक वाचली होती. हे भाषण तेवढं पुसण्याआधी ऐकायचं राहून गेलं.