पिवळ्या यंत्राने दिलेली साक्ष

हा किस्सा आमच्या घरात माझ्यासमोर कोणी काढत नाही. मी बाहेर गेलो की काढतात. म्हणून म्हटलं, माझा पोपट झाला तो माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, आणि मध्येच हसू नका, शेवटी त्याची सोय आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. नोकरी संपली, पण ‘हे चालतं कसं’ हा किडा काही निवृत्त झाला नाही. मिक्सर धडधाकट असला तरी मी तो उघडतो. तर एका डोंगर चढणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मी जुनं जीपीएस यंत्र घेतलं. पिवळं, मुठीत मावणारं. नुसता बाण दाखवतं आणि किती अंतर उरलं ते सांगतं. फोन खिशात असताना मला ते कशाला हवं होतं? कशालाच नाही. पण इतक्या वरच्या उपग्रहांवरून ते मी खाली कोणत्या गल्लीत उभा आहे हे ओळखतं, याचं मला फार नवल वाटायचं.

त्याच सुमारास आमच्या विवेकचं लग्न जमत होतं. म्हणजे चार वर्षं जमता जमता मोडत होतं. शेवटी मंदाने, माझ्या बायकोने, देवीला शब्द दिला की पोराचं साक्षगंध होईपर्यंत घरातलं कोणी मटण खाणार नाही. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. नवस तिने बोलला आणि जीव माझा जाऊ लागला.

देवी पावली. मौदा गावाच्या पुढचं एक शेतकरी घर पसंत पडलं. तारीख काढायला मध्यस्थाबरोबर घरातून मी एकटाच गेलो. त्यांच्या टिनाच्या छपराच्या ओसरीत बसल्या बसल्या मी यंत्राचं ‘ही जागा साठव’ असं बटण दाबलं. ते उपग्रह शोधत बसलं, मी खिशात टाकलं. परतताना वाटेत जरा थांबलो होतो, तेव्हा ते खिशात वाजलं. जागा साठवली, असं आलं. मी तिला ‘सोयरे’ असं नाव दिलं आणि खूश झालो.

साक्षगंधाच्या दिवशी गाडी मी चालवत होतो. मागे पाहुण्यांची मिनीबस. मुलीचे आजोबा मुहूर्ताचे पक्के. साडेअकराच्या आत कुंकू लागलं पाहिजे, नाही तर नाही. मागचं एक स्थळ उशिरा आलं म्हणून त्यांनी अंगणातूनच परत पाठवलं होतं. मंदा सकाळपासून मुठीत जीव धरून बसली होती.

आमच्या गाडीत वाटाड्ये तीन. विवेककडे फोन. मंदाचे थोरले भाऊ, दादा, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, त्यांच्या मांडीवर कापडावर चिकटवलेला जुना नकाशा. आणि माझं पिवळं यंत्र, समोर काचेपाशी. तिघांची परीक्षा घ्यायची इतकी चांगली संधी मी कशी सोडणार?

मौदा मागे पडलं आणि बाण डावीकडे वळला.

“बाबा, फोन सरळ म्हणून राहिला,” विवेक म्हणाला.

“फोनचा नकाशा टॉवरच्या भरवशावर असते, बेटा.”

“जवाईबुवा,” दादा नकाशावर बोट ठेवून म्हणाले, “हा कालवा उजव्या हाताले पाहिजे. तो डाव्या हाताले आला.”

“दादा, तुमच्या नकाशात हा चौपदरी रस्ता तरी हाय का?”

दादांनी नकाशाची घडी घातली. मंदा म्हणाली, “अजी, कोणाले तरी विचारा ना. तोंड काहून दिलं हाय देवानं?”

विचारायचं? उपग्रह डोक्यावर असताना? मी गाडी दामटली. अंतर घटत गेलं. पाचशे मीटर, दोनशे, पन्नास. आणि मग वास आला.

कसला, ते मला तिथेच कळलं. काळ्या मसाल्याचा, रटरटणाऱ्या रश्श्याचा. तारीख काढायच्या दिवशी संध्याकाळ होती आणि आम्ही उलट बाजूने आलो होतो, म्हणून रस्ता ओळखू आला नाही. पण नाक कधी विसरतं का? यंत्र आनंदाने वाजलं. पोहोचलात, म्हणे.

समोर सावजी भोजनालय, म्हणजे झणझणीत मटणाचं घर. मागून मिनीबस येऊन थांबली. नऊवारी नेसलेल्या आत्या खिडकीतून पाटी वाचू लागल्या.

मालक काखेत रश्श्याचा मोठा डाव धरून हात पुसत बाहेर आला. “या गुरुजी, या. मांगच्या खेपी म्हटलं होतं ना, फॅमिलीले घेऊन येतो म्हणून. बकऱ्याचे खूर ठेवले हायेत बाजूले.”

मंदाने अगदी हळू विचारलं, “मांगच्या खेपी म्हणजे कधी, भाऊ?”

“तारीख काढून आले होते ना, त्या दिवशी. त्याच खाटेवर बसले होते, आभाळाखाली. हे पिवळं हातात धरून.”

टिनाखाली यंत्राला उपग्रह दिसले नव्हते. ते दिसले त्या खाटेवर. आणि यंत्राने बटण दाबलं ती जागा नाही, उपग्रह सापडले ती जागा साठवली. विज्ञानाचा हा धडा मला इतक्या जवळून कोणीच शिकवला नव्हता.

“अकरा वाजून गेले,” मंदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “आता काही अडलं ना, तर तुमच्या खुरापायी अडन.” मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं तिने दारोदार शब्द टाकले होते, आणि मी एका ताटासाठी तिचा नवस बाटवला होता.

मी उतरलो, मालकाचे हात धरले आणि मुलीच्या आजोबांचं नाव सांगितलं.

“मंग इतलं घाबरून काहून राहिले? चाला माह्या मांगं.”

त्याने स्कूटर काढली. कमरेला फडकं, हातात तसाच तो डाव. त्याच्यामागे आम्ही, आमच्यामागे मिनीबस. साडेअकराला चार मिनिटं असताना आमची वरात अंगणात शिरली. आजोबांनी घड्याळ पाहिलं, डाव पाहिला आणि म्हणाले, “बसा.” कुंकू लागलं.

नवस फिटला. दुसऱ्या दिवशी मंदाने सगळ्या घरासाठी मटण रांधलं. माझ्या ताटात दोडका. माझा नवस तिने एकटीने देवीशी बोलून लग्नापर्यंत वाढवून घेतला होता.

यंत्र आता तिच्याकडे असतं. म्हणजे मी बाहेर निघालो की ती ते माझ्या खिशात घालते आणि परत आलो की काढून घेते. दिवसभर माणूस जिथे जिथे फिरला, ती सगळी रेघ ते काढून दाखवतं. मला हे ठाऊक नव्हतं. तिने माहितीपुस्तिका वाचली, मी मिक्सर उघडत बसलो होतो. कुठे जायचं हे फोन सांगतो, नकाशा सांगतो, रस्त्यावरचा कोणीही सांगतो. नवरा कुठे जाऊन आला, हे सांगणारं एकच यंत्र होतं, आणि ते मी हौसेने विकत आणलं.