बिननवऱ्यांची चाळ

चार मित्रमैत्रिणी जमले की मला चाळीचे किस्से सांगायला लावतात. हसतात. सगळेच किस्से सांगून होत नाहीत.

बी.ए. होऊन मी एका संस्थेच्या कामासाठी थेट शिरूरला, घोडनदीकाठच्या एका पडक्या चाळीत गेले. सहा खोल्या, सहा बायका. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, सगळ्यांच्या पदरात पोरं. घरं बांधून मिळायला सरकारी कचेरीची वाट पाहण्यात हयात जाईल. आपणच बांधू या, असं ठरलं.

सगळ्यांत घाई सरूबाईला. छप्पर कोसळलं तेव्हा तिनं लहानग्या गोदाला दौंडकडच्या मुलींच्या आश्रमात, तिथल्या बाईंकडे ठेवलं होतं. खोली झाली की आणणार. रोज विचारायची, "कवा हुईल वो ताई?"

"लवकर!" मी म्हणायचे. मला सगळंच लवकर हवं असायचं!

*

कचेरीतले साहेब पाहणीला आले. सहांतलीच हमीदाबी भिंतींच्या चिखलात, गाऱ्यात, पाय मारत होती.

"घरातल्या कर्त्या माणसाला बोलवा."

पाय न थांबवता ती म्हणाली, "बोला की साहेब. त्योच गारा तुडवतोय!"

*

मी भांडून मोठ्या खिडक्या काढायला लावल्या. हवा, उजेड, हायजीन! आठवड्यात सगळ्या खिडक्या निम्म्या लिंपलेल्या. मी भडकले.

सरूबाई म्हणाली, "ताई, उजेड एकटा येत न्हाई. मागनं डोळं बी येत्यात."

*

छप्पर आधी कुणाचं? बायकांनीच ठरवलं: जिचं पोर तान्हं, तिचं आधी. सरूबाईचा नंबर शेवटचा.

"तुझी गोदा तरी छपराखाली हाय," सगळ्या म्हणाल्या.

पाचही घरांची कौलं सरूबाईनंच डोक्यावरून वाहिली. कौलं मिळत जातील तसं काम. एक वर्ष गेलं, दुसरंही सरलं.

*

पाच घरं उभी राहिली, तेव्हा वास्तुशांतीला आलेले भटजी म्हणाले, "जोडपं लागेल."

"बायको नसली तर बाप्ये कनवटीला सुपारी लावून बसत्यात न्हवं?" सरूबाई म्हणाली. "आमाला बी द्या की सुपारी, नवऱ्याच्या जागी."

"बाईला नाही चालत!"

दाराशी उभी हमीदाबी म्हणाली, "ऱ्हाऊ दे सरू. ती बी निघून गेली म्हंजी?"

भटजीसुद्धा हसले. पूजा झाली नाही.

*

शेवटी सरूबाईची खोली झाली. तिनं जमीन सारवली, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली आणि एसटीनं जाऊन गोदाला घेऊन आली. आम्ही सगळ्या दारात उभ्या.

पोर उंबऱ्याबाहेर थांबली. चपला काढून भिंतीला नीट लावल्या.

"ये की गं आत! आपलंच घर हाय."

गोदा आत गेली. चारी कोपरे पाहिले. मग सरूबाईसमोर हात जोडून उभी राहिली.

"बाई, माझी वळकटी कुठं ठेवू?"