गिरणी कुणाच्या नावावर

गुनवोरच्या वाटेला जाऊ नये, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कळलं नाही ते फक्त टोर्स्टेनला, आणि तो तर तिचा नवरा!

गुनवोर आमच्या गेव्हले गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. अख्ख्या शाळेला जेवू घालायची, पण आवाज कधी चढला नाही. रविवारी दुपारी माझ्या घरी आमचा जुन्या सरदारांचा खेळ रंगतो. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे, प्रत्येकानं आपापलं पात्र जगवायचं. खेळ चालवतो मी. शत्रू, दुष्काळ, रोगराई सगळं माझ्या हातात. टोर्स्टेनचा सरदार एस्कील, आणि गुनवोरची इंगेबोर्ग ही त्या एस्कीलची बायको.

लढाई असली की टोर्स्टेन खुर्चीत मावत नसे. पण लढाईनंतर हिवाळ्याची फेरी येते. छपरं शाकारा, बियाणं राखा, पोरींची लग्नं जमवा. तेव्हा हा बाबा कॉफी ओतायला उठायचा. "गुनवोर बघेल काय ते!" आणि गुनवोर बघायची.

घरीही तेच. तळ्याकाठी त्यांचं लाकडी घर होतं, उन्हाळ्यात राहायचं. दर उन्हाळ्यात शिडीवर चढून त्याला तांबडा रंग द्यायची गुनवोर, बटाटे लावायची गुनवोर, आणि हा गळ टाकून बसायचा. पुढे त्याला दुसरी भेटली. घटस्फोट झाला आणि त्यानं ते घर विकून टाकलं. गुनवोर रडली, तर म्हणाला, "आईनं माझ्या नावावर केलं होतं. रंग दिला म्हणून घर आपलं होत नाही, गुनवोर."

हे त्यानं माझ्यादेखत म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला खेळातून हाकलणारच होतो, पण गुनवोरनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "राहू दे, अल्वार. बसू दे त्याला."

खेळात काडीमोड नाही. चर्चमध्ये लागलेलं लग्न ते, मरेपर्यंतचं. त्यामुळे बाहेर घटस्फोट झालेली ही दोघं दर रविवारी माझ्या टेबलावर नवरा-बायको!

आता खेळातल्या गिरणीचं सांगतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं बायकोला भेट द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. भेट जेवढी मोठी तेवढा खेळात मान. बाकीचे गाय देतात, फार तर एखादं शेत. टोर्स्टेननं मिशीला पीळ देत पाणगिरणीच देऊन टाकली. मी बजावलं होतं, "बाबा रे, दिलेलं परत नाही. तिच्या होकाराशिवाय विकता यायची नाही."

"अरे, बायको जातेय कुठे?" तो हसला होता.

गेल्या शरदात एस्कील एकटाच शत्रूच्या, म्हणजे डेन लोकांच्या छावणीत घुसला आणि पकडला गेला. त्यांनी खंडणी मागितली. जमीन त्यानं घोड्यापायी, चिलखतापायी आधीच गहाण टाकलेली. उरली गिरणी.

सगळ्यांच्या माना गुनवोरकडे वळल्या. ती शांतपणे वेलचीचा पाव खात होती.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"गिरणी माझ्या नावावर आहे. लढाया मारल्या म्हणून गिरणी आपली होत नाही, टोर्स्टेन."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, खेळ आहे हा! एस्कीलला किती वर्षं जपलाय मी!"

"मीही घर जपलं होतं."

"अल्वार, काहीतरी कर ना!"

"नियम आहे बाबा," मी म्हणालो. मनात उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू?

हिवाळ्याची फेरी आली. थंड कोठडी, ओली भिंत. एस्कील जगतो की नाही, त्याचे फासे टोर्स्टेनलाच टाकावे लागले. दान पडलं उलटं. एस्कील मेला. टोर्स्टेनचे डोळे भरून आले. आम्हाला कुणालाच दया आली नाही. गुनवोरनं पावाचा शेवटचा तुकडा चवीनं संपवला.

शेवटी टोर्स्टेन नाक पुसत म्हणाला, "नवं पात्र घेतो."

"घे. पण जमीन नाही, घर नाही," मी म्हणालो. "राहणार कुणाकडे?"

"माझ्याकडे पाठव," गुनवोर म्हणाली. "गिरणीवर गडी हवाच आहे. दर उन्हाळ्यात तांबडा रंग द्यायचा. शिडी मी देईन."