दहा जोड स्केट्स आणि एक खंडेनवमी

कुवेतमधला एक अख्खा आइस हॉकी संघ मी बुडवला आहे. सहा वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. मी मुळात कमी बोलतो. (सुनीता, म्हणजे आमची सौ., म्हणते, "कमी नाही, सोयीपुरतं!") पण परवा आमच्या महबूल्यातल्या बकालेवाल्या, म्हणजे किराणा दुकानवाल्या, रफीकभाईंचा फोन आला.

"आहेरसाहेब, लीग परत वाढतेय! आपली टीम पुन्हा उभी करू या. फक्त वैनींना सांगा, या वेळी पूजाबिजा नको हां!"

त्या 'वैनींना सांगा'नेच मला हे लिहायला बसवलं.

सहा वर्षांपूर्वी इथली चार संघांची हौशी लीग पाच संघांची करायचं ठरलं. जागा एक आणि उमेदवार दोन. दोघांचा आपसात एकच सामना, जिंकेल तो लीगमध्ये, हरेल तो घरी. एक संघ आमच्या लेकीचा, जुईचा. जुई तेव्हा सतरा वर्षांची. दोन वर्षं दुसऱ्यांच्या संघात बाकावर बसून कंटाळली आणि महबूल्यातल्या इमारती पालथ्या घालून तिने स्वतःचा संघ जमवला. गोलकीपर रफीकभाई, मूळचे दापोलीचे, वय एक्कावन्न. त्याआधी त्यांचा बर्फाशी संबंध फक्त पापलेटाच्या खोक्यापुरता!

माझी गाडी मोठी, म्हणून मी सामानप्रमुख. शेवटच्या सरावानंतर दहा जणांचे स्केट्स माझ्याकडे आले. (रफीकभाई आपले स्केट्स दुकानात, अंड्यांच्या ट्रेमागे ठेवत. हे लक्षात ठेवा.)

"अहो, उद्या खंडेनवमी," सुनीता म्हणाली. "तुमचे पाने, माझी विळी, आणि यंदा पोरांचे स्केट्सही मांडू. परवा दसऱ्यालाच मॅच आहे."

आमच्या नाशिकच्या घरात बोथट हत्यार पूजेला ठेवत नाहीत. मी एक स्केट पुसून पाहिला आणि चरकलो. पात्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक खोलगट चर! अहमदीत पंचवीस वर्षं मशीनच्या देखभालीत गेलेला माणूस मी. एका नजरेत निदान केलं : झीज! दुसरा पाहिला, झीज! दहाच्या दहा जोडांत अगदी एकसारखी झीज कशी, हा प्रश्न कुठल्याही शिकाऊ उमेदवाराला पडला असता. मी सीनिअर होतो.

तसाच अर्दियाला गेलो. ओळखीच्या वर्कशॉपमधल्या उस्तादने पातं डोळ्यांजवळ नेलं.

"साहब, ये नाली तो जानबूझ के बनाई लगती है."

"उस्ताद, पच्चीस साल से यही काम कर रहा हूँ."

"आपकी मर्जी," तो म्हणाला. त्या स्वरातच मला शहाणपण यायला हवं होतं. दोन तासांत वीसच्या वीस पाती आरशासारखी सपाट झाली. मी त्यांत भांग पाडला!

खंडेनवमीला सुनीताने प्रत्येक पात्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मी हात जोडून उभा राहिलो. खुन्याने इतक्या श्रद्धेने क्वचितच हात जोडले असतील.

दसऱ्याची संध्याकाळ. बाहेर भाजून काढणारा उकाडा, आत आम्ही शाली पांघरून. जुई ऐटीत बर्फावर उतरली, वळायला गेली आणि वळलीच नाही. सरळ जाऊन कठड्यावर आदळली! पाठोपाठ दुसरा. तिसरा बसल्या बसल्या पंचांपर्यंत गेला. तो चर कशासाठी होता, ते तेव्हा कळलं. चराच्या दोन कडाच बर्फ पकडून ठेवतात. त्या मी पैसे देऊन काढून आणल्या होत्या.

फक्त रफीकभाई गोलपुढे खांबासारखे उभे. पहिल्या भागात त्यांनी एकट्याने सगळं अडवलं. शून्य-शून्य.

मध्यंतरात जुई रडवेली झाली. "स्केट्सना कोणी टच केलं? टेल मी!"

स्केट्सच्या भाड्याच्या खिडकीशेजारी धार लावायचं यंत्र होतं. आत्ता बोललो तर निदान तीन-चार जोड सुधारतील, एवढं गणित मला येत होतं. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात जुईला पात्याच्या बुडाशी कुंकू दिसलं.

"आई! तू याला तेल लावलंस?"

"अगं, कुंकू टिकावं म्हणून बोटभर..." सुनीता म्हणाली.

दहा जणांनी तिच्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

मग सगळा संघ टिशूने आणि सॅनिटायझरने पाती पुसत बसला. मीही बसलो! मान खाली घालून, सर्वांपेक्षा जोरात पुसत होतो. ते यंत्र दहा पावलांवर होतं.

शेवटच्या भागात आमची पोरं उभी राहायच्या प्रयत्नात होती आणि रफीकभाई ओरडत होते, "अरे, पडा तर पडा, पन माझ्यासमोर आडवे पडा!" घड्याळात एक मिनिट उरलं असताना समोरचा एक जण सुटला. जुई त्याच्यावर धावली, त्याने दिशा बदलली, ती सरळ गेली. गोल.

संघ संपला. जुई आठवडाभर आईशी बोलली नाही. सुनीताने माफी मागितली, आणि त्यानंतर आमच्याकडे खंडेनवमीला फक्त पुस्तकं मांडली जातात.

हे सगळं लिहून काल सुनीतापुढे ठेवलं. तिने शांतपणे वाचलं.

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पूजेच्या दिवसापासून. पात्यात माझा चेहरा दिसत होता. म्हटलं, काल दिसत नव्हता, आज कसा दिसतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"जुई पुढच्या वर्षी शिकायला जायची होती. माझ्यावरचा राग आठ दिवसांत गेला असता. तुमच्यावरचा ती विमानात घेऊन बसली असती. आणि वाटलं, आज ना उद्या तुम्हीच बोलाल." ती उठली. "सहा वर्षांत घरात विळी, कात्री, सुरी, एकाला तरी हात लावू दिलाय तुम्हाला?"

नव्हता दिला. भाजी चिरायला बसलो की ती म्हणायची, "राहू द्या हो, तुम्ही दमून आलाय." आणि सहा वर्षं मी मित्रांना सांगत होतो, की बायको मला फार जपते!